उठलेलं गाव पुन्हा बसवताना : नगारन्नमचं प्रकरण

आमच्या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात धान निघालं की संध्याकाळी जरा मोकळीक राहते. तेव्हा आम्ही दहा-पंधरा जण वाचनालयात जमतो आणि कुठलं तरी एक प्रकरण घेऊन त्याच्यावर बोलतो, आणि मी मास्तर असल्यामुळं तयारी करून आणायचं काम नेहमी माझ्याच गळ्यात पडते. या वेळी मी नायजेरियातलं एक गाव घेतलं होतं, नगारन्नम. बोको हराम या दहशतवादी संघटनेनं जाळलेलं, सात वर्षं ओस पडलेलं आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नव्यानं उभं केलेलं. प्रोजेक्टर नाही आमच्याकडं, म्हणून फोटो मोबाईलवरच एकेकाच्या हातात फिरवले. फोटो छानच आहेत, मातीच्या रंगाची एका वळणाची घरं, सरळ रस्ते, मोकळं आभाळ. सगळे वा वा करून राहिले होते. फिरत फिरत मोबाईल मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आजोबांकडं गेला. त्यांनी फोटो बोटानं मोठा केला, इकडं सरकवला, तिकडं सरकवला, आणि म्हणाले, "गुरजी, घरं तं मस्त आहेत. पण यायचे बैल कुठं चरतेत?"

मी सगळं आणलं होतं, कोणत्या देशानं पैसा दिला, किती घरं, उद्घाटन कधी. हे नव्हतं आणलं. त्या दिवशी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर झोप नाही आली नीट, पुन्हा सगळं वाचायला बसलो, आणि खाली जे लिहितोय ते त्या एकाच प्रश्नाच्या मागं लागून लिहितोय.

आधी मागचं थोडं. नायजेरियाच्या ईशान्य कोपऱ्यात बोर्नो नावाचं राज्य आहे, राजधानी मैदुगुरी, लोक जास्त करून कानुरी, पिकं ज्वारी-बाजरीची, गुरं भरपूर, आणि वरच्या अंगाला चाड सरोवर, तिथं मासेमारी. मैदुगुरीत मोहम्मद युसुफ नावाच्या धर्मोपदेशकाभोवती बेरोजगार पोरं जमा होत गेली, तीच बोको हराम. जुलै २००९ मध्ये त्याच्या लोकांची आणि पोलिसांची मोठी लढाई झाली, त्याला जिवंत पकडलं आणि तो पोलिसांच्या ताब्यातच मारला गेला. मला विचाराल तर पुढच्या सगळ्याचं मूळ बऱ्यापैकी तिथं आहे. कोर्टात उभा केला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण मारून संघटना संपली नाही एवढं नक्की, कारण त्यानंतर अबुबकर शेकाऊ आला आणि तो दहापट क्रूर निघाला. एप्रिल २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या ती बातमी आपल्याकडंही टीव्हीवर होती. त्याच वर्षी त्यांनी एकामागून एक गावं ताब्यात घेतली, आपली खिलाफत जाहीर केली, आणि २०१५ मध्ये मैदुगुरीला लागून असलेल्या माफा भागातलं आपलं हे नगारन्नमही गेलं. लोक जीव घेऊन मैदुगुरीकडं पळाले आणि छावणीत राहिले.

मेलेल्यांचा आकडा सांगताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. थेट हल्ल्यात आणि लढाईत मेले ते सुमारे ३५,०००. पण संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं २०२१ मध्ये एक अहवाल काढला, त्यात २०२० च्या शेवटापर्यंत ईशान्य नायजेरियात या संघर्षापायी गेलेले लोक सुमारे साडेतीन लाख धरले आहेत. म्हणजे गोळीनं एक मेला तर त्याच्यामागं नऊ जण भुकेनं, तापानं, हगवणीनं, दवाखाना नसल्यानं मेले, आणि त्यातले बहुतेक पाच वर्षांखालचे लेकरं. हा आकडा वाचला तेव्हा मी वही खाली ठेवली होती. शेत बंद, बाजार बंद, नर्सबाई पळून गेलेली, एवढं झालं की बंदुकीची गरजच राहत नाही.

आता अशा कामाला संयुक्त राष्ट्रांत जो शब्द वापरतात, "स्थिरीकरण", त्याच्याकडं येऊ. शब्द सरकारी आहे, आमच्या मंडळींना पहिल्यांदा तो दुधाच्या डेअरीतला वाटला. आपल्याकडं सोपं आहे, गाव उठते आणि गाव बसते. उठलेलं गाव परत बसवणं म्हणजे स्थिरीकरण. याची आत्ताची पद्धत इराकमधून आली. २०१५ मध्ये इसिसकडून गावं-शहरं परत घेतली तेव्हा विकास कार्यक्रमानं तिथं एक खास निधी उघडला. विचार असा की लष्करानं एखादी जागा मोकळी केली की लगेच, म्हणजे वर्षं नाही तर महिन्यांच्या हिशोबात, पाणी-वीज-शाळा-दवाखाना-बाजार उभा करायचा, लोकांना रोजीच्या कामावर लावायचं, म्हणजे लोक परततील आणि सरकार पुन्हा आलं असं त्यांना डोळ्यानं दिसेल. उशीर केला तर ती रिकामी जागा दुसरं कोणीतरी भरते.

चाड सरोवराभोवती हेच करायचं ठरलं, पण इथं भानगड अशी की देश एक नाही, चार आहेत, नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून, आणि बंडखोर सरहद्द पाहून चालत नाहीत. चारही देशांची जुनी चाड सरोवर खोरे आयोग नावाची संस्था आहे, मुळात पाण्याच्या वाटपासाठी काढलेली, तिनं आफ्रिकन युनियनच्या साथीनं २०१८ मध्ये पाच वर्षांचं धोरण केलं, स्थिरीकरण, सावरणं आणि तग धरणं असं त्याचं नाव. लष्करी बाजूला याच देशांची आणि बेनिनची एक संयुक्त फौज होती, तिचं मुख्यालय चाडच्या राजधानीत, एन्जामेनाला. आणि जुलै २०१९ मध्ये नायजरच्या नियामे शहरात सीमेवरच्या राज्यांच्या गव्हर्नरांची बैठक भरली, तिथं विकास कार्यक्रमानं प्रादेशिक स्थिरीकरण निधी सुरू केला. पैसा जर्मनी, युरोपियन युनियन, ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स यांचा. काम तीन पायांवर: सुरक्षा (पोलीस चौकी, पोलिसांना राहायला जागा, लोकांच्या तक्रारीला समिती), मूलभूत सोयी, आणि रोजगार. गव्हर्नरांची बैठक ही गोष्ट मला आवडली हे सांगून ठेवतो. राजधानीतल्या मंत्र्यापेक्षा सीमेवरच्या माणसाला पलीकडच्या गावचा बाजार कधी भरतो हे जास्त माहीत असते. गडचिरोलीचे, राजनांदगावचे, कांकेरचे आणि आसिफाबादचे अधिकारी एका टेबलावर बसले की काय फरक पडते ते आपण पाहिलंय.

गाव कसं बांधलं

नगारन्नमचा आराखडा तोसिन ओशिनोवो नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी केला. त्या लागोसच्या, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या श्रीमंतांच्या बंगल्यांसाठी त्यांचं नाव. हे ऐकून आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, झालं, मुंबईच्या इंजिनियरनं भामरागडात घरकुल बांधल्यासारखं. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यांनी आधी गावच्या लोकांशी बोलून घेतलं, तुमचं जुनं गाव कसं होतं, कोण कोणाच्या शेजारी, बायका कुठं बसत, पाहुणा कुठवर येत होता. कानुरी मुसलमान घरात परक्या माणसाला सरळ आत नेत नाहीत, बायकांना आडोशाचं अंगण लागते. छावणीत याच गोष्टीनं बायकांचे हाल झाले होते. ते ध्यानात ठेवून घरं आखली. ऊन प्रचंड, म्हणून सावलीच्या जागा. सुमारे ५०० घरांचा बेत, शाळा, दवाखाना, बाजार. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याचे गव्हर्नर बाबागाना झुलुम यांच्या हजेरीत गाव लोकांच्या हाती दिलं.

झुलुम हे स्वतः माफा भागातले. यात काही वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण कोणत्या गावाला आधी नंबर लागते याच्यामागं काय काय असते ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

इथवर ऐकलं तर हे यशाचं प्रकरण आहे, आणि मी ते खोटं आहे असं म्हणणार नाही. छावणीत ताडपत्रीखाली सात वर्षं काढलेल्या बाईला दार लावता येणारं घर मिळणं ही गंमत नाही. आपल्याकडं धरणाच्या पुनर्वसनात नवीन गावठाणात अठरा नागरी सुविधा देतात कागदावर, त्यातल्या किती नळाला पाणी येते ते गोसीखुर्दवाल्यांना विचारा. नगारन्नममध्ये निदान लोकांना विचारून बांधलं.

पण पुनर्वसनाच्या गावठाणात जो प्रश्न तोच इथं. घर नव्या जागी, शेत कुठं? गोसीखुर्दला शेत पाण्याखाली गेलं. बोर्नोत शेत जागेवरच आहे, फक्त तिथं जाता येत नाही.

खंदकाच्या पलीकडं

हे समजायला बोर्नोतली लष्करी व्यवस्था समजून घ्यावी लागते. २०१९ मध्ये नायजेरियाच्या लष्करानं छोट्या छोट्या चौक्या सोडून दिल्या, कारण रोज कुठली ना कुठली चौकी लुटली जात होती, आणि सगळे जवान मोठ्या छावण्यांत गोळा केले. सुपर कॅम्प म्हणतात त्याला. जवानांचे जीव वाचले, पण गावाखेड्याचा सगळा मधला भाग मोकळा सुटला. मग लोकवस्ती म्हणजे काय, तर एक गाव, त्याच्याभोवती खोल खंदक, खंदकाच्या तोंडाशी जवान आणि सीजेटीएफ म्हणजे गावच्याच पोरांचं राखणदार पथक. शेतकऱ्यानं ठराविक वेळी बाहेर जायचं, ठराविक वेळी परत यायचं, आणि जायचं ते दोन-चार किलोमीटरपर्यंतच. त्याच्या पुढं गेलास तर तुझी जबाबदारी तुझ्यावर, आणि कधी कधी त्याच्या पुढं गेलास म्हणजे तू त्यांच्यातला, असा संशय.

आणि त्या दोन-चार किलोमीटरातही काय पेरायचं ते आपल्या हातात नाही. रस्त्याच्या आणि छावणीच्या कडेला उंच वाढणारं पीक लावायला लष्कराची मनाई, कारण ज्वारी-बाजरीत माणूस लपते. बोर्नोसारख्या भागात ज्वारी-बाजरी नाही लावायची म्हणजे आपल्याला सांगणं की धान सोडून दुसरं काही लावा. युरियावर बंदी, कारण त्याचा बॉम्ब होतो. सरोवराच्या पलीकडं नायजरच्या डिफा भागात लाल मिरचीचं मोठं पीक, तिथं त्याला लाल सोनंच म्हणत, तर २०१५ मध्ये आणीबाणी लागली आणि मोटारसायकली बंद, मासळी आणि मिरचीचा व्यापार बंद, का तर त्यातून पैसा बंडखोरांना जाते. जात असेलही. पण मग मिरचीवाल्यानं काय खायचं हे कोणी सांगितलं नाही, आणि रिकामं बसलेलं पोरगं कोणाकडं जाते हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

धानवाल्या लोकांसमोर एक घटना सांगितलीच पाहिजे म्हणून सांगितली, आणि खोलीत एकदम शांत झालं. २८ नोव्हेंबर २०२०, मैदुगुरीजवळ झाबरमारी. धानाची कापणी चालू. त्याच दिवशी राज्यात कित्येक वर्षांनी स्थानिक निवडणुकीचं मतदान होतं, म्हणजे सगळं सुरळीत झालं असं दाखवायचा दिवस. बंडखोर आले, बांधीतल्या मजुरांना बांधलं आणि गळे चिरले. पहिल्याच दिवशी ४३ जणांना मूठमाती दिली, पुढं आणखी प्रेतं सापडली. त्यातले बरेच मजूर शेकडो किलोमीटरवरून, सोकोतो राज्यातून, कापणीला आलेले, आपल्याकडं छत्तीसगडातून येतात तसे. तेव्हा असंही सांगितलं गेलं की गावकऱ्यांनी त्यांचा एक माणूस पकडून लष्कराला दिला होता, त्याचा हा सूड. आणि राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यानं काय विचारावं, तर त्या शेतात जायला लष्कराची परवानगी घेतली होती का. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्यातला एक जण फक्त एवढंच म्हणाला, "हे आपल्याला माहीत आहे जी." त्याच्या काकाला नक्षलवाद्यांनी (आमच्याकडं त्यांना दादा म्हणतात) खबऱ्या म्हणून मारलं होतं, आणि त्याआधी दादांना जेवण दिलं म्हणून पोलिसांनी चौकीत बसवलं होतं. दोन्ही एकाच वर्षात.

तर आजोबांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं निघालं: बैल चरतेत खंदकाच्या आतबाहेर, जेवढी सोडतील तेवढ्या जागेत, आणि जेवढ्या जागेत गाव पोसत नाही तेवढ्याच जागेत.

मग लोक काय करतात? लोक पलीकडं जातात. आणि पलीकडं रिकामं नाही. २०१६ मध्ये बोको हराम फुटलं, एक गट पश्चिम आफ्रिकेतली इस्लामिक स्टेट म्हणून वेगळा झाला आणि त्यानं सरोवराच्या बाजूला वेगळीच चाल खेळली. शेकाऊचे लोक गावकऱ्यांना लुटत आणि मारत, हे लोक कर घेतात. शेतावर कर, गुरांवर कर, मासळीवर कर, आणि काही ठिकाणी चक्क पावती देतात, की पुढच्या नाक्यावर पुन्हा मागू नये. क्रूर नाहीत असं कोणी समजू नये, जवानांना आणि मदत संस्थांच्या लोकांना त्यांनी मारलेलंच आहे. पण शेतकऱ्याच्या हिशोबात एक बाजू शेतात जाऊ देत नाही, दुसरी पैसे घेऊन जाऊ देते. स्थिरीकरणाची स्पर्धा याच्याशी आहे. घरांच्या रंगाशी नाही. ज्या दिवशी सरकारी खंदकाच्या बाजूचं शेत पलीकडच्या शेतापेक्षा जास्त पिकेल त्या दिवशी लोक आपोआप अलीकडं राहतील, आणि हे मोजायला फार मोठं सर्वेक्षणही लागत नाही, सकाळी खंदकाच्या तोंडाशी उभं राहून कोण किती लांब जाते आणि संध्याकाळी डोक्यावर काय घेऊन येते एवढं पाहिलं तरी पुरे.

मला वाटते या सगळ्या कार्यक्रमाचं मोजमापच उलटं आहे. किती घरं बांधली, किती खोल्या, किती लोकांना रोजी दिली, हे मोजता येते, फोटोत येते, जर्मनीच्या खासदाराला दाखवता येते. गावच्या बुलामाला (बुलामा म्हणजे तिथला गावप्रमुख, आपल्या गायतासारखा म्हणा) कुठवर जाता येते हे फोटोत येत नाही. विकास कार्यक्रमाच्या बाजूनं एक सांगितलं पाहिजे, खंदकाच्या पलीकडचा बंदोबस्त हा त्यांच्या हातातच नाही, तो लष्कराचा विषय, त्यांनी पोलीस चौकी बांधून दिली तरी चौकीत पोलीस राहतीलच याची खात्री ते देऊ शकत नाहीत. हे खरं आहे. पण मग गाव "स्थिर झालं" असंही म्हणू नये.

परत पाठवण्याची घाई

२०२१ च्या शेवटी बोर्नो सरकारनं मैदुगुरीतल्या अधिकृत छावण्या बंद करायला घेतल्या. झुलुम यांचं म्हणणं होतं की छावणीत माणूस भिकारी होते, पोरी बिघडतात, दारू-नशा वाढते, लोकांनी आपल्या गावी जाऊन कष्टानं जगावं. यात तथ्य नाही असं नाही, छावणी पाहिलेला कोणीही मान्य करेल. पण लाखभराहून जास्त लोकांना थोडे पैसे आणि धान्य देऊन काढलं, आणि ह्यूमन राइट्स वॉचनं पुढच्या वर्षी जाऊन पाहिलं तर कित्येकांची अवस्था छावणीपेक्षा वाईट. नगारन्नमच्या वाट्याला विचार करून बांधलेलं गाव आलं. बाकीच्या गावांच्या वाट्याला घाईत बांधलेल्या रांगा आल्या आणि खंदक.

याचा शेवट कुठं होऊ शकते ते ५ सप्टेंबर २०२५ ला दारुल जमाल नावाच्या गावात दिसलं. बामा भागातलं, कॅमेरूनच्या सरहद्दीजवळचं गाव. इथले लोक बामा गावातल्या शाळेत भरलेल्या छावणीत वर्षानुवर्षं होते, ती छावणी त्याच वर्षी बंद करून त्यांना काही महिन्यांपूर्वीच घरी आणलं होतं. रात्री मोटारसायकलींवरून हल्ला झाला, घरं पेटवली, ६० हून जास्त लोक मेले, त्यात जवानही होते. वाचलेले पुन्हा बामाला पळाले. म्हणजे गाव उठलं, बसलं, आणि पुन्हा उठलं, एका पिढीच्या आत.

त्यात पैसाही आटत चाललाय. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, जुलैमध्ये त्यांची मदत देणारी संस्थाच गुंडाळली, आणि त्याच महिन्यात जागतिक अन्न कार्यक्रमानं सांगितलं की ईशान्य नायजेरियातल्या १३ लाख लोकांचं अन्न आणि पोषण थांबवावं लागणार. त्याआधी मार्चमध्येच नायजर देश संयुक्त फौजेतून बाहेर पडला होता. बाहेरच्या पैशावर बसवलेल्या गावाची ही दुसरी बाजू. पैसा कधी जाईल हे गावाच्या हातात नाही आणि तो कोणत्या निवडणुकीनं जाईल ती निवडणूक पण त्यांची नाही.

आणि आपलं

तुलना करायची की नाही यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. आपल्याकडं कोणी बाहेरचा देश आला नाही, धर्माचा प्रश्न नव्हता, मेलेल्यांचे आकडे त्यांच्या जवळपासही नाहीत. १९८० मध्ये पलीकडून नक्षलवाद्यांचे दलम आले तेव्हापासून पाहिलं तरी आपलं प्रकरण वेगळं. मग एक पोरगा म्हणाला, सर, रस्ता झाला आणि चौकी झाली की आपल्याकडं पण स्थिर झालं म्हणतात ना. त्यात थोडं आहे. वांगेतुरी, गर्देवाडा इकडं नवीन पोलीस मदत केंद्रं एका दिवसात उभी केली, १ जानेवारी २०२५ ला गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपतीनं ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. दहा वर्षांपूर्वी हे मी कोणाला सांगितलं असतं तर हसले असते. आपल्याकडं चौकी ही चौकीसारखी उघडी राहते, खंदकातला किल्ला होऊन बसत नाही, हा फरक मोठा आहे.

पण आमच्या तालुक्यात लोकांना विचारलं की कधी बरं वाटायला लागलं, तर कोणी चौकीचं नाव घेत नाही, कोणी चकमकीचं पण घेत नाही. मेंढा-लेखाचं नाव घेतात. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये जयराम रमेश मंत्री असताना स्वतः येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. त्यानंतर कित्येक ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकायला लागल्या. याच्या आधी कसं होतं, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, ठेकेदाराचा मुन्शी पुडके मोजून घेणार आणि खोट काढणार, ठेकेदार दादांना खंडणी देणार, वनरक्षक बांबू पकडणार, म्हणजे जंगलात पाऊल टाकलं की तीन जणांची परवानगी. आता काही सगळं छान झालं नाही, पण बाई मोहफूल वेचायला पहाटे निघते तेव्हा तिनं कोणाला विचारायचं नसते. कुठवर जाता येते, आणि तिथून आणलेलं आपलं असते का. नगारन्नमच्या कागदांत मी हेच शोधत होतो आणि मला घरांचे नकाशे जास्त सापडले.

एक कबूल करतो, मेंढा-लेखा कोणत्या स्थिरीकरण योजनेतून नाही झालं. ते गावातल्या लोकांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या अभ्यासातून आणि भांडणातून झालं, आणि ते होत असताना बंदुकी दोन्हीकडच्या चालूच होत्या. म्हणून बोर्नोला जाऊन ग्रामसभा घ्या असं सांगणं मूर्खपणा होईल. तिथं आज रात्री गाव जिवंत राहील का हा प्रश्न आहे. फक्त एवढंच की जे लोक गाव बांधायला जातात त्यांनी नकाशा काढताना कागद जरा मोठा घ्यावा, गावाच्या शेवटच्या घराशी रेघ थांबवू नये, शेत, कुरण, लाकूडफाट्याची जागा, मासळीचं पाणी, आठवडी बाजाराची वाट, हे त्याच कागदावर यावं, आणि जिथवर जाता येत नाही तिथं तांबडी रेघ मारून तसं लिहावं. देणाऱ्या देशाला मग तेवढं सुंदर दिसणार नाही.

पुढच्या बैठकीला मी हे सगळं सांगितलं. आजोबा त्याच जागी बसले होते. खंदक सांगितला, दोन-चार किलोमीटर सांगितले, ज्वारी लावायची मनाई सांगितली, त्यांनी मान हलवली. युरिया बंद आहे म्हटल्यावर मात्र ते पुढं सरकले.

"मंग खत काय टाकतेत?"

"शेणखतच टाकत असतील," मी म्हटलं.

"शेणाले बैल पाहिजे," आजोबा म्हणाले. "अन् बैलाले चराई. मी तुमाले पयलंच इचारलं होतं."